कॅनडाच्या फर व्यापारातला पूर्वज शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संदर्भ क्रमांक इथे देवनागरीत दिले आहेत. हडसन्स बे कंपनीच्या दप्तरखान्याच्या सूचीत शोधताना तेच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकावे लागतात.

जावयाच्या घरात एवढंच ठाऊक आहे, की त्यांचे कोणी खापरपणजोबा फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीत होते. शोधाला एवढं पुरेल का?

नाही. निदान तीन गोष्टी हव्यात: नाव (घरात माहीत असलेल्या सगळ्या स्पेलिंगांसह), अंदाजे दशक आणि मूळ गाव किंवा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग). तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची आणि नेमकी तीच बहुतेकांकडे नसते. कंपनीच्या याद्यांत नावाशेजारी पॅरिश लिहिलेली असते, आणि एकाच नावाची चार माणसं वेगळी काढायला तेवढाच आधार असतो.

घरातलं 'ते चीफ फॅक्टर (कंपनीच्या प्रदेशातले सगळ्यांत वरच्या पायरीचे अधिकारी) होते' हे वाक्य तूर्त बाजूला ठेवा. १८२१ नंतरच्या रचनेत चीफ फॅक्टर २५ आणि चीफ ट्रेडर २८ होते. बाकीचे शेकडो लोक मजूर, नावाडी, सुतार, लोहार, पिंपं बनवणारे. पूर्वज मजूर निघाला म्हणून हिरमुसायचं कारण नाही. कंपनी त्याला दरसाल पगार देणं लागत होती, म्हणून दरसाल त्याचं नाव खात्यावर चढत होतं. सगळा शोध या हिशेबाच्या धाग्यावर चालतो.

तो नेमका कोणत्या कंपनीत होता, हे कसं ठरवायचं?

१८२१ हे वर्ष पक्कं धरा. त्या वर्षी नॉर्थ वेस्ट कंपनी हडसन्स बे कंपनीत विलीन झाली. त्यानंतर ब्रिटिश उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेत फरच्या धंद्यात नोकरी केलेला माणूस बहुतेक करून हडसन्स बेच्याच वहीत सापडतो.

त्याआधीचं चित्र दुहेरी आहे. हडसन्स बे कंपनीची सनद २ मे १६७०ची. तिचा कारभार लंडनमधून चाले आणि जहाजं थेट हडसन उपसागरात जात. माणसं इंग्लंडमधून येत आणि अठराव्या शतकात वाढत्या प्रमाणात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरून. त्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या नोकरांत ऑर्कनीवाल्यांचं प्रमाण तीन चतुर्थांशांच्या घरात होतं. नॉर्थ वेस्ट कंपनी मात्र माँट्रियलची. तिचे मालक बरेचसे स्कॉटिश आणि नावाडी सेंट लॉरेन्स नदीकाठचे फ्रेंच भाषक. तिच्यातून फुटून निघालेली एक्सवाय कंपनी १८०४ मध्ये परत तिच्यातच मिळाली.

म्हणजे आडनाव इस्बिस्टर, फ्लेट, लिंकलेटर किंवा स्पेन्स असेल तर हडसन्स बेपासून सुरुवात करा. आडनाव फ्रेंच आणि काळ १८२१च्या आधीचा असेल तर माँट्रियलकडून. अपवाद दोन्हीकडे आहेत. नकाशाकार डेव्हिड थॉम्पसन १७८४ मध्ये हडसन्स बेत शिकाऊ उमेदवार म्हणून लागला आणि १७९७ मध्ये नॉर्थ वेस्टकडे गेला. त्याची कारकीर्द एकाच दप्तरात शोधणाऱ्याला अर्धीच मिळते.

कंपनी लंडनची, तर कागदही लंडनलाच असतील ना?

आता नाहीत. हे दप्तर १९७४ मध्ये मॅनिटोबातल्या विनिपेगला हलवलं गेलं आणि १९९४ मध्ये कंपनीने ते प्रांताला देऊन टाकलं. आज ते आर्काइव्ह्ज ऑफ मॅनिटोबाचा भाग आहे. मूळ पाहायचं तर विनिपेग गाठावं लागतं, पण मायक्रोफिल्मचे बरेच रीळ स्कॅन होऊन संकेतस्थळावर आले आहेत. पुण्या-मुंबईत बसूनही बरंच काम होतं.

दप्तराची मांडणी अक्षरांवर आहे. 'ए' म्हणजे लंडन कचेरीचे कागद, 'बी' म्हणजे व्यापारी ठाण्यांचे ('फॅक्टरी' आणि 'फोर्ट' ही ठाणीच), 'सी' जहाजांचे, 'डी' गव्हर्नरांचे, 'ई' खासगी आणि इतर (आजच्या विनिपेगच्या परिसरातल्या रेड रिव्हर वसाहतीचे कागद यातच), 'एफ' मिळून गेलेल्या कंपन्यांचे. 'बी'मध्ये प्रत्येक ठाण्याला आकडा असतो: यॉर्क फॅक्टरी २३९, मूस फॅक्टरी १३५, फोर्ट व्हँकुव्हर २२३. पुढचं लहान अक्षर कागदाचा प्रकार सांगतं. 'ए' रोजनिशी, 'बी' पत्रांची नक्कलवही, 'डी' हिशेब, 'ई' जिल्ह्याचा अहवाल, 'एफ' नोकरांची यादी, 'जी' नोकरांच्या खात्यांचा गोषवारा. तेव्हा बी.२३९/जी म्हणजे यॉर्क फॅक्टरीला ठेवलेला गोषवारा. पानाच्या आकड्यापुढे 'डी' दिसला तर ती पानाची मागची बाजू. हे ठाऊक नसल्याने लोक भलतंच पान मागवतात.

सगळ्यात आधी काय उघडायचं?

चरित्रपत्रकं. दप्तरखान्याने कंपनीच्या हजारो नोकरांची एकेक पत्रकं तयार करून आडनावाच्या क्रमाने संकेतस्थळावर ठेवली आहेत. वरच्या ओळीत नाव, पॅरिश, नोकरीला लागल्याचं साल आणि जन्म-मृत्यूची सालं. खाली तक्ता: आउटफिट वर्ष (कंपनीचं हिशेबाचं वर्ष, त्याबद्दल पुढे), पद, ठाणं, जिल्हा आणि ज्या वहीतून ही नोंद घेतली तिचा क्रमांक.

शेवटचा रकाना सोडू नका. पत्रक म्हणजे दुसऱ्या कोणी काढलेलं टिपण, मूळ दाखला त्या क्रमांकाच्या वहीत आहे. पत्रकात 'लेबरर, १८३२-१८३५' एवढी एकच ओळ असते. वहीत त्याच वर्षांचा पगार, खर्च, शिल्लक आणि कधीकधी शेराही असतो.

सालांच्या आधी 'एफएल.' ही खूण असेल, तर ती सालं जन्म-मृत्यूची नसतात. या काळात हा माणूस कागदांत दिसतो, एवढाच तिचा अर्थ. ती सालं थेट वंशवृक्षात टाकल्यामुळे विशीत वारलेले पूर्वज अनेक घरांत तयार झाले आहेत.

पत्रकच नाही. म्हणजे तो कंपनीत नव्हता?

तसं नाही. पत्रकं सगळ्यांची झालेली नाहीत. हंगामी नावाडी आणि थोड्या दिवसांचे स्थानिक कामगार तर हमखास सुटतात. मग मूळ मालिकांत हात घालावा लागतो.

समजा, माणूस ऑर्कनीचा आहे आणि १८३०च्या सुमारास गेला असावा. पहिल्यांदा ए.३२, म्हणजे करारनामे. यांचा मोठा भाग आडनावाच्या अक्षरांवर लावलेला आहे. करारात पॅरिश, काम, पगार, मुदत आणि खाली सही किंवा फुली. सही असेल तर तिचं चित्र जपून ठेवा, पुढे दोन सारख्या नावांचा गुंता ती एकटी सोडवू शकते. करारावरून निघण्याचं वर्ष कळलं की सी.३ पाहा. त्या जहाजांच्या पोर्टलेज वह्या: खलाशांची नावं आणि पगार, आणि सोबत जाणाऱ्या-येणाऱ्या नोकरांची नावं. जहाजं टेम्स नदीतून उन्हाळ्याच्या तोंडावर निघत, ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसला पाणी आणि माणसं भरून घेत आणि ऑगस्ट-सप्टेंबरात उपसागरात पोचत.

तो पोचला की बी.२३९/जी. १८२१ नंतर नॉर्दर्न डिपार्टमेंटच्या (कंपनीच्या प्रदेशाच्या मोठ्या विभागांपैकी एक) नोकरांचा वार्षिक गोषवारा इथे आहे. एकेक वर्ष उघडायचं, नाव शोधायचं, ओळ जशीच्या तशी उतरवायची. मधली वर्षं गाळायची नाहीत. १८३१ आणि १८३६ जुळले म्हणून मधलं जुळलंच असं धरलं, की दोन माणसांची एक कारकीर्द होते. नाव अचानक थांबलं तर दुसरी डिपार्टमेंटं पाहा: सदर्नसाठी बी.१३५/जी, कोलंबियासाठी बी.२२३/जी, माँट्रियलसाठी बी.१३४/जी.

१८२१च्या आधीच्या माणसासाठी ए.३० (नोकरांच्या याद्या) आणि ए.१६ (नोकरांची खाती). ए.१६ सावकाश वाचावी लागते, पण मिळतं त्यातच जास्त.

आउटफिट वर्ष ही काय भानगड?

कंपनीचं वर्ष १ जून ते ३१ मे. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल-मार्च असतं, तसंच. 'आउटफिट १८४०' म्हणजे जून १८४० ते मे १८४१. म्हणून मार्च १८४१ मध्ये बाप्तिस्मा झालेल्या मुलाचा बाप कुठल्या ठाण्यावर होता, हे १८४०च्या ओळीत शोधायचं. १८४१च्या ओळीत भलतंच ठाणं दिसतं आणि मग 'हा तो नव्हेच' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

एकाच नावाचे चार जण आहेत. आपला कोणता?

ऑर्कनीत आडनावं थोडकी आणि पहिली नावं त्याहून थोडकी. जॉन, जेम्स, विल्यम फिरून फिरून येतात. चाळणी अशी लावायची: आधी पॅरिश, मग वय, मग पद, मग पगार, शेवटी शिल्लक. शिल्लक हा सगळ्यांत विश्वासाचा पुरावा. वर्षअखेर खात्यावर जे पौंड-शिलिंग-पेन्स उरले, तेच पुढच्या वर्षाच्या वहीत आरंभी येतात. दोन ओळींतले हे आकडे पेन्सापर्यंत जुळले तर माणूस एकच. (१ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. बेरीज करताना हे विसरलं की न जुळणारे आकडे निघतात आणि दोष कारकुनाला मिळतो.)

वयावर फार भिस्त ठेवू नका, दोन-तीन वर्षांची फारकत नेहमीची आहे. स्पेलिंगवर तर अजिबात नाही. इस्बिस्टरमधला 'आय' कधी 'ई' होतो, नॉर्क्वेचं नॉर्क्वॉय होतं. लिहिणारा ऐकेल तसं लिही.

ऑर्कनीकडची बाजू तपासायला कर्कवॉलचं ऑर्कनी लायब्ररी अँड आर्काइव्ह आणि स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश नोंदवह्या. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंद १८५५ पासून सुरू झाली, त्याआधी चर्चच्याच वह्या.

पूर्वज फ्रेंच कॅनेडियन व्हॉयाजर (फर व्यापारातला नावाडी) होता. त्याचं काय?

त्याचा पहिला कागद नोटरीकडचा. व्हॉयाजर निघण्याआधी माँट्रियलच्या नोटरीपुढे करार होत असे. अशा ३५,००० हून अधिक करारांची सूची सेंट बॉनिफेसच्या फ्रेंच इतिहास संस्थेने, म्हणजे सोसिएते इस्तोरिक द सें-बोनिफासने, ऑनलाइन ठेवली आहे. काळ १७१४ ते १८३०. करारात नाव, पॅरिश, जाण्याचं ठिकाण, होडीतली जागा, पगार आणि आगाऊ उचल मिळते.

मुदत पाहा. काही महिन्यांचा करार असेल तर तो उन्हाळ्यात ग्रँड पोर्टेजला (१८०३ नंतर फोर्ट विल्यमला) माल पोचवून परतणारा. त्यांना चेष्टेने 'डुकराची चरबी खाणारे' म्हणत. दोन-तीन वर्षांचा करार आणि 'हिवाळा तिकडेच काढणे' अशी अट असेल तर तो इव्हेर्नां, आत खोलवर राहणारा. मेती (युरोपीय बाप आणि तिथली मूळनिवासी आई यांच्या वंशजांचा समाज) कुटुंबांचे पूर्वज बहुधा या दुसऱ्या गटातले.

करार झाला म्हणजे माणूस गेलाच, असं मात्र नाही. उचल घेऊन पसार झालेलेही होते. तो गेल्याचा पुरावा खात्यात सापडतो. नॉर्थ वेस्ट कंपनीची १८११ ते १८२१ ची नोकरांची खातेवही एफ.४/३२ या क्रमांकावर आहे आणि तिथला माणूस पुढे १८२१ च्या बी.२३९/जीमध्ये जोडता येतो.

नावांचा इथे वेगळाच ताप आहे. फ्रेंच घरांत 'दी' लावून दुसरं आडनाव असे: उदोँ दी बोल्यू. बाप उदोँ म्हणून नोंदला जातो आणि मुलगा बोल्यू म्हणून. त्यात इंग्रज कारकुनाच्या कानाची भर. मेती पुढारी लुई रिएलच्या आजोबांचं लाजिमोदियेर हे आडनाव लाजिमोनियेर असंही लिहिलेलं सापडतं. म्हणून यादी अक्षरक्रमाने पाहून थांबू नका, पहिलं अक्षर बदलूनही पाहा.

पॅरिशच्या रकान्यात 'कॅनडा' किंवा 'नेटिव्ह' लिहिलंय.

त्या काळच्या वहीत 'कॅनडा' म्हणजे सेंट लॉरेन्सकाठचा प्रदेश, मुख्यतः आजचा क्युबेक. विनिपेग तेव्हा कॅनडात नव्हतं, ते १८७० मध्ये आलं. 'नेटिव्ह' म्हणजे फर प्रदेशातच जन्मलेला. बहुतेकदा बाप कंपनीचा नोकर आणि आई क्री, ओजिब्वे किंवा तिथल्या दुसऱ्या समाजाची. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत हा शब्द ज्या अर्थाने वापरत, त्या अर्थाने तो इथे वाचू नका. 'टू युरोप' हा शेरा बहुधा ऑर्कनीला किंवा लंडनला परतल्याचा असतो.

कोलंबिया डिपार्टमेंटच्या याद्यांत 'ओवायही' दिसतं. ते हवाई बेटांचं जुनं स्पेलिंग. तिथून आणलेल्या कामगारांना कारकून एकच नाव देत आणि पुढे बेटाचं नाव आडनावासारखं चिकटवत. अशा माणसाचा माग काढणं सगळ्यांत अवघड.

मिडलमन, स्टिअर्समन, पोस्टमास्टर: या पदांचा अर्थ काय?

होडीत मधे बसून वल्ही मारणारा मिडलमन, नाळेवर उभा बोमन, सुकाणूवर स्टिअर्समन. फ्रेंच वह्यांत हेच मिलियू, दव्हाँ आणि गुव्हेर्नाय. जबाबदारीप्रमाणे पगार चढे. १८२१ नंतरच्या काळात मिडलमनचा वार्षिक पगार १७ पौंडांच्या आसपास दिसतो आणि स्टिअर्समनचा त्याच्या वर. पगार वाढला पण पद तेच राहिलं असेल, तर पुढच्या वर्षी बढती दिसते का ते पाहा.

पोस्टमास्टरचा टपालाशी काही संबंध नाही. छोटं ठाणं सांभाळणारा तो, मजुराच्या वरचा आणि क्लार्कच्या खालचा. फर प्रदेशात जन्मलेल्या हुशार मुलांची वाट बऱ्याचदा या पायरीवर अडवली जाई. अ‍ॅप्रेंटिस क्लार्क, क्लार्क, चीफ ट्रेडर, चीफ फॅक्टर ही वरची शिडी वेगळीच. वरच्या दोघांना पगाराऐवजी नफ्यात वाटा: नफ्याच्या ४० टक्क्यांचे ८५ भाग, फॅक्टरला दोन आणि ट्रेडरला एक.

पूर्वज १८३२ च्या सुमारास क्लार्क किंवा त्यावरच्या पदावर असेल तर ए.३४/२ जरूर पाहा. गव्हर्नर जॉर्ज सिम्पसनने आपल्या अधिकाऱ्यांबद्दल स्वतःपुरती लिहिलेली मतं तिथे आहेत. नावांऐवजी आकडे आहेत आणि जीभ तिखट आहे. ती सिम्पसनची मतं आहेत, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

ठाण्याची रोजनिशी वाचली, पण त्याचं नावच नाही.

रोजनिशी ठाण्याचा प्रमुख लिहीत असे. त्यात वारा, बर्फ, किती माणसं लाकडं तोडायला गेली, कोण फर घेऊन आलं, हे असतं. मजुरांची नावं आजारपण, भांडण, अपघात, प्रवास अशा वेळीच येतात. म्हणून आधी खात्यातून ठाणं आणि वर्ष नक्की करा आणि मग त्या वर्षाची रोजनिशी उघडा. जून ते सप्टेंबर ही पानं पहिल्यांदा वाचा. होड्यांची ये-जा तेव्हाच असते आणि होडीत कोण होतं हे लिहिलेलं सापडतं.

रोजनिशी मिळतच नसेल तर इतिहासाकडेही पाहा. यॉर्क फॅक्टरी १६९७ मध्ये फ्रेंचांनी घेतली आणि १७१४ मध्ये परत मिळाली, तिची रोजनिशी तिथूनच सुरू होते. १७८२ मध्ये फ्रेंचांनी ती जाळलीही.

१७५२च्या आधीच्या तारखांत आणखी एक अडचण आहे. तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १७२० ही नोंद आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१ ची असते. शिवाय सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर एकदम १४ आली.

त्याची बायको आणि मुलं कुठे सापडतील?

नोकरीच्या कागदांत क्वचितच. 'देशाच्या रीतीने' झालेली लग्नं पाद्र्याविना लागत आणि वहीत चढत नसत. रेड रिव्हरला कॅथलिक मिशन १८१८ मध्ये आणि अँग्लिकन १८२० मध्ये आलं, त्यानंतर बाप्तिस्म्यांच्या आणि लग्नांच्या नोंदी मिळू लागतात. मोठाली मुलं असलेल्या जोडप्याचं लग्न त्या वहीत दिसलं तर गोंधळू नका. संसार जुनाच असतो, नोंद नवी. अँग्लिकन नोंदींच्या नकला ई.४ मध्ये आहेत. सेंट बॉनिफेसच्या कॅथलिक वह्यांचा मोठा भाग १८६०च्या आगीत गेला.

ई.५ मध्ये रेड रिव्हरची खानेसुमारी आहे, १८२७ पासून अनेक वर्षांची. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पुढे नुसते आकडे: मुलगे, मुली, घरं, गुरं, नांगर, गाड्या. मुलांची नावं नाहीत, पण आकडे बाप्तिस्म्यांशी ताडून पाहता येतात.

मेती कुटुंब असेल तर सगळ्यांत दाट माहिती स्क्रिपच्या (जमिनीच्या हक्काचा सरकारी दाखला) अर्जांत मिळते. १८७० नंतर जमिनीच्या हक्कासाठी शपथेवर दिलेली ही निवेदनं ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडात आहेत. अर्जदाराचा जन्म, आई-वडील, नवरा-बायको, मुलं, सगळं एका पानावर. आईचं नाव इथेच पहिल्यांदा कळलं, असं वारंवार होतं.

१८२३ नंतर नाव एकदम नाहीसं झालं. वारला का?

असेलही, पण आधी नोकरकपात आठवा. विलीनीकरणानंतर कंपनीने माणसं झपाट्याने कमी केली, १८२१ मधल्या जवळजवळ २००० वरून १८२५ पर्यंत ८०० च्या आसपास. सुटलेल्यांपैकी बरेच जण रेड रिव्हरला जमीन घेऊन राहिले, तर काही 'फ्रीमन' म्हणून स्वतंत्रपणे शिकार करू लागले. फ्रीमनचं नाव पगाराच्या यादीत नसतं, ते ठाण्याच्या हिशेबात गिऱ्हाईक म्हणून येतं. म्हणून त्या जिल्ह्याच्या ठाण्यांचे 'डी' म्हणजे हिशेबाचे कागद चाळा.

मृत्यूची शंका असेल तर ए.३६ मधली मृत्युपत्रं पाहा. मजुरांचीही आहेत. खात्यावर शिल्लक असलेला माणूस वारला, की ऑर्कनीतली भावंडं ती मागत, आणि तो पत्रव्यवहार लंडन कचेरीच्या कागदांत मिळतो.

त्याच घराण्यातला एक जण मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीत होता म्हणतात. तोही विनिपेगला सापडेल?

नाही. ती निराळी कंपनी, १६०० सालची. तिचं दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

दप्तरखान्याला लिहून विचारायचं तर काय लिहावं?

घराण्याची कथा पानभर लिहू नका. नाव आणि त्याची स्पेलिंगं, पॅरिश, वर्षांचा टप्पा, पाहून झालेले संदर्भ क्रमांक आणि एकच नेमका प्रश्न. उदाहरणार्थ: 'बी.२३९/जीमध्ये आउटफिट १८३४ पर्यंत नाव आहे, १८३५ मध्ये नाही. सदर्न डिपार्टमेंटमध्ये बदलीची नोंद आहे का?' नक्कल मागवायची असेल तर पानाचा आकडा आणि पुढची बाजू की मागची, दोन्ही लिहा.